ड्रीमवीव्हरमध्ये छान, मोबाइलवर विस्कटलेलं: मराठी मजकुराचं नेमकं कुठे बिघडतं

तुम्ही तासगावहून विचारलंय ते थोडक्यात असं. मामांच्या बेदाण्याच्या व्यापारासाठी तुम्ही ड्रीमवीव्हर या वेबपेज बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान केलं, क्लासमध्ये शिकवलं तसंच. लॅपटॉपवर ते झकास दिसतं. मोबाइलवर मात्र शीर्षकांच्या ओळी एकमेकींवर चढतात, 'आमच्याविषयी'चा परिच्छेद मामांच्या फोनवर इंग्रजी चिन्हांची खिचडी होऊन येतो आणि एका शीर्षकाचा आकार बदलायचा ठरवला की बाकीची सगळी हाताने बदलत बसावी लागतात. शेवटी तुम्ही विचारता, कोणता फॉन्ट घेऊ म्हणजे सगळीकडे सारखं दिसेल?

सगळीकडे सारखं दिसणार नाही, त्यामुळे ते मागूच नका. छापलेली लग्नपत्रिका ज्याच्या हातात जाईल त्याला तशीच दिसते, पण वेबपेज प्रत्येकाच्या फोनवर नव्याने मांडलं जातं. प्रत्येकाला ते सहज वाचता आलं की आपलं काम झालं. आणि तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीचाच संबंध फॉन्टशी आहे, तोही तुम्हाला वाटतो तसा नाही. मी सांगलीत आधी डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं मांडायची, आणि मग वेबसाइटची कामं करत आलोय. हळद, गूळ, बेदाणा यांच्या पेढ्यांची पानं दुरुस्तीला येतात तेव्हा बहुतेक वेळा हीच तीन दुखणी असतात, आणि प्रत्येक जण फॉन्टलाच दोष देत येतो.

एक आधीच सांगतो. तुमच्याकडे ड्रीमवीव्हरची कोणती आवृत्ती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. क्लासमध्ये बरेचदा जुनी असते, सीएस३ ते सीएस६ मधली कुठली तरी. मेन्यूंची नावं थोडी इकडेतिकडे होतील, पण मुद्दा बदलत नाही.

सगळ्यात सोपं दुखणं आधी घेऊ, खिचडीचं. तो परिच्छेद तुम्ही मामांच्या जुन्या माहितीपत्रकातून उचललाय ना? ते पत्रक बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार. त्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. असतात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड, आणि त्यांच्यावर फॉन्ट मराठी आकार चढवतो. तुमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं. मामांच्या फोनमध्ये तो नाही, म्हणून त्यांना आतला खरा माल दिसतो. खात्री करायची असेल तर डिझाइन व्ह्यूमध्ये तो परिच्छेद निवडा आणि फॉन्ट एरियल करा. चिन्हं झाली तर जुनी पद्धत, मराठी टिकली तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेली आताची पद्धत. हा परिच्छेद जुना निघाला तर त्यावर फॉन्ट बदलून काही होणार नाही. मजकूरच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. ज्या डीटीपीवाल्यांनी पत्रक केलं त्यांच्याकडेच बदलून मागा. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आहे, त्यांना ते अवघड नाही.

बदलून आलेला मजकूर मात्र डोळे झाकून चिकटवू नका. या रूपांतरात काही अक्षरं हमखास मार खातात, आणि व्यापाराच्या पानावर तीच अक्षरं सर्वांत जास्त येतात. 'शेतकऱ्यांसाठी', 'व्यापाऱ्यांना', 'द्राक्षे पिकवणाऱ्या' यांतला तो अर्धा र पाहा. रूपांतरानंतर बरेचदा तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि 'शेतकर्यांसाठी' असं काहीतरी उरतं. मोठमोठ्या संस्थांच्या पानांवर ही चूक राजरोस नांदते. युनिकोडमध्ये खालच्या टिंबाचा र, म्हणजे 'ऱ', घेऊन त्याला हलन्त आणि मग य दिला की 'ऱ्य' बरोबर उमटतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत जे या कळीवर र असतो आणि शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो. दुसरी जागा 'ॲग्रो', 'ॲडव्हान्स' यांतल्या ॲ ची. अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे टाइप केले तर काही फोनवर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. त्यासाठी एकसंध ॲ वापरा, ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून आहे. तिसरी ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या पद्धतीत ती व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, त्यामुळे 'स्थिती', 'शक्तिशाली' असल्या शब्दांत ती कधीकधी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. एकदा मोठ्याने वाचत जा, सापडतात.

पूर्ण पानावरचं सगळंच मराठी बिघडलेलं असेल, फक्त तो परिच्छेद नव्हे, तर मामला वेगळा. मग कंट्रोल आणि जे दाबून पेज प्रॉपर्टीज उघडा आणि तिथे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ही युनिकोडची आहे ना ते पाहा. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

आता ओळी एकमेकींवर चढण्याचं. इथे मला तीन संशयित दिसतात.

पहिला संशयित आणि माझा सर्वांत आवडता, एपी डिव्ह. क्लासमध्ये शिकवतात की माउसने पानावर हवा तिथे चौकोन ओढा आणि त्यात मजकूर टाइप करा. शिकायला फार सोपं आणि बघायला मजेचं, कोरलड्रॉमधून आलेल्या माणसाला तर घरी आल्यासारखं वाटतं. पण तुम्ही चौकोन ओढता तेव्हा ड्रीमवीव्हर आत लिहून ठेवतं की हा चौकोन डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके, रुंदी इतकी, उंची इतकी. मोबाइलवर अक्षरं वेगळ्या मापाची आली, ओळ एकाऐवजी दोन झाली, तरी खालचा चौकोन आपली जागा सोडत नाही. मग वरचा मजकूर खालच्यावर सांडतो. तुमच्या पानात असे चौकोन असतील तर ते डागडुजीने सुधारत नाहीत. मजकूर बाहेर काढा, चौकोन टाका आणि सगळं एकाखाली एक साध्या क्रमाने लावा. मोबाइलवर पान तसंच वाचलं जातं.

दुसरा संशयित ओळींमधलं अंतर, म्हणजे लाइन-हाइट. तुम्ही ते २० पिक्सेल असं ठोक दिलं असेल आणि नंतर अक्षर २८ चं केलं असेल, तर ओळी चढणारच. लाइन-हाइटला एकक देऊच नका, नुसता आकडा द्या, म्हणजे अक्षराच्या मापाबरोबर अंतरही वाढतं. मी देवनागरी मजकुराला १.७ च्या आसपास ठेवतो आणि शीर्षकाला १.४. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार नमुन्यांत शीर्षकाला १.१ किंवा १.२ असतं. तिथे 'र्कीं'चा रफार, अनुस्वार आणि वरच्या ओळीतला 'तू' चा दीर्घ उकार यांची मारामारी होते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वरही माल असतो आणि खालीही, तो नमुना करणाऱ्याच्या गावीही नसतं. अनुस्वार आणि मात्रा वरून कापल्यासारख्या दिसत असतील, तर चौकोनाला ठरावीक उंची देऊन ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर सांडणारा भाग लपवलेला, केलंय का तेही बघा.

तिसरा संशयित व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे पान किती रुंद मांडायचं ते मोबाइलला सांगणारी. जुन्या ड्रीमवीव्हरने केलेल्या पानात ती नसते. ती नसली की मोबाइल समजतो, हे मोठ्या पडद्याचं पान आहे, आणि साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं गृहीत धरून ते सगळं आक्रसून दाखवतो. मग वाचणारा दोन बोटांनी मोठं करत बसतो. कोड व्ह्यूमध्ये पानाच्या डोक्याकडच्या भागात व्ह्यूपोर्ट हा शब्द शोधा. नसेल तर ती मेटा ओळ घाला, रुंदी यंत्राइतकी आणि सुरुवातीचा झूम १. ती घातल्यावर पान आधीपेक्षा वाईट दिसेल. घाबरू नका, आधी जे झाकलेलं होतं ते आता दिसायला लागलंय एवढंच.

आता तिसरी तक्रार, प्रत्येक शीर्षक हाताने बदलण्याची. तुम्ही ती शेवटी आणि सहज लिहिलीय, पण माझ्या मते खरा रोग हाच.

तुम्ही काय करता? ओळ निवडता, खालच्या प्रॉपर्टीज पट्टीत जाऊन माप २८ करता, ठळक करता, मरून रंग देता, मध्यभागी आणता. पडद्यावर शीर्षक तयार. फाइलमध्ये काय गेलं ते एकदा स्प्लिट व्ह्यूमध्ये बघा. तिथे शीर्षक नाही, तिथे मोठ्या मरून अक्षरांचा एक साधा परिच्छेद आहे. सीएस३ पर्यंतच्या आवृत्त्या तर अशा प्रत्येक रंगरंगोटीला स्टाइल१, स्टाइल२, स्टाइल३ अशी नावं देत जातात, आणि महिन्याभराने स्टाइल७ म्हणजे कोण ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही. तुम्हाला शीर्षक दिसतं, पण गुगलला दिसत नाही. दृष्टिहीन वाचकाला पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या सॉफ्टवेअरलाही दिसत नाही. त्यात एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारता येते. तुमच्या पानावर ती कळ दाबली की उत्तर येणार, शीर्षक नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी मजकूर काय आहे ते सांगा, कसा दिसावा ते नंतर. ओळीत कर्सर ठेवा आणि प्रॉपर्टीजमधल्या फॉरमॅट या यादीतून हेडिंग १ निवडा. कंट्रोल आणि १ दाबलं तरी होतं. 'आमच्याविषयी', 'आजचे भाव', 'संपर्क' ही हेडिंग २. बाकीचं पॅराग्राफ. हे करताना पान बेढब दिसेल, शीर्षकं अवाढव्य होतील. होऊ द्या. सगळ्या पानाची अशी ओळख पटवून झाली की मगच सीएसएसच्या, म्हणजे रूपाचे नियम लिहायच्या भाषेच्या, पॅनेलमध्ये जा आणि हेडिंग २ या टॅगसाठी, म्हणजे त्या खुणेसाठी, एकच नियम लिहा: हा रंग, हे माप, वर एवढी मोकळी जागा. आता मामा म्हणाले, "मरून नको, हिरवा कर", तर एका जागी बदल आणि सगळी शीर्षकं हिरवी. पेजमेकर या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांनी स्टाइल्सचं पॅलेट वापरलंय त्यांना हे एका वाक्यात कळतं. दुर्दैवाने आपल्याकडच्या डीटीपीत ते पॅलेट उघडणारे थोडे, स्पेसबारने मजकूर मध्यभागी आणणारे फार.

सॉफ्टवेअर असं दोन्ही करू का देतं, असा प्रश्न पडला असेल. त्याचं उत्तर त्याच्या वयात आहे. ड्रीमवीव्हर मॅक्रोमीडियाने १९९७ मध्ये आणलं, अडोबीकडे ते २००५ मध्ये मॅक्रोमीडियासकट आलं. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ ची, आणि तेव्हाचे ब्राउझर ती धड पाळतही नव्हते. त्यामुळे लोक मजकुराला थेट फॉन्ट टॅग चिकटवून रंग-माप द्यायचे. एचटीएमएल या वेबपेज लिहायच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीने त्या टॅगला नापसंत ठरवलं, पाचवीने बादच केलं. पण ओळ निवडा आणि रंग द्या ही सवय माणसांत राहिली, आणि ती राहिली म्हणून बटणंही राहिली.

एखाद्या मजकुराला खास वेगळं रूप हवंच असेल, जसं भावाचा आकडा किंवा 'सौदा बंद' अशी सूचना, तर त्यासाठी सीएसएसमध्ये 'क्लास' नावाचा वेगळा नियम करा. नाव कामावरून ठेवा, दिसण्यावरून नको. 'भाव' आणि 'सूचना' या अर्थाची इंग्रजी अक्षरांतली नावं चालतील. 'लालमोठे' असं नाव ठेवलंत आणि उद्या रंग निळा केलात की हसं होतं. वर्डमधून मजकूर आणताना साध्या पेस्टने आणू नका, वर्ड आपला सगळा संसार बरोबर घेऊन येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबून पेस्ट स्पेशल उघडा आणि फक्त मजकूर निवडा. दोन परिच्छेदांत जागा हवी म्हणून एंटर मारत जाऊ नका, ती जागा मार्जिनने द्या. पत्त्याच्या ओळींसारखं एकाच परिच्छेदात खाली यायचं असेल तर शिफ्ट धरून एंटर.

एवढं झालं की फॉन्टचा प्रश्न फार छोटा उरतो. अँड्रॉइड फोनमध्ये नोटो सान्स देवनागरी असतो, आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी, विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय. तुम्ही फॉन्ट दिलाच नाहीत तरी मराठी वाचता येईल, आणि साध्या व्यापारी पानाला तेवढं पुरतं, हे माझं प्रामाणिक मत. तरी पानाला स्वतःचा चेहरा हवा असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घ्या. फुकट आहे, लहान मापातही स्वच्छ वाचता येतो. त्यात सात वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, आहेत. सगळी उतरवू नका, ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) पुरेत, कारण देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात आणि वाचणारा शेतात, कमी रेंजमध्ये उभा असू शकतो. पण ७०० घ्याच. ते नसलं की ब्राउझर साधं अक्षर फुगवून खोटं ठळक करतो आणि 'ष', 'क्ष', 'ह्म' यांची पोटं भरून जातात. पारंपरिक छपाईचं वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. त्यात आपला पाकळीचा ल आणि देठाचा श मुळातच आहेत. बाकी काही फॉन्टांत मराठी रूपं असतात पण ती मागावी लागतात. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग या गुणधर्माला एमआर ही किंमत दिली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो मराठी ल आणि श दाखवतो. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यातूनच भाषा कळते. ड्रीमवीव्हर हा गुणधर्म आपणहून घालत नाही, तेवढ्यापुरतं कोड व्ह्यूमध्ये जा.

इंग्रजी पानांवर शोभणाऱ्या काही गोष्टी आपल्याकडे आणू नका. अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. तिरपं अक्षर देवनागरीत परंपरेने नाही, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतो आणि ते पडायला आल्यासारखं दिसतं. जोर द्यायचा तर ठळक करा. मोबाइलवर दोन्ही कडा सारख्या करायचा हट्ट सोडा. 'निर्यातयोग्यतेच्या'सारखा एक लांब शब्द खाली गेला की वरच्या ओळीत खड्डे पडतात. आणि हळदीचे व्यापारी पांढऱ्यावर पिवळी अक्षरं मागतात, तसं तुमच्या मामांनी पिवळ्या बेदाण्याचा रंग मागितला तर तो पार्श्वभूमीच्या पट्टीला द्या आणि अक्षरं काळपट ठेवा. वेब सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीचा विरोध किमान ४.५ ला १ धरलाय. पांढऱ्यावरचं पिवळं त्याच्या आसपासही जात नाही.

तपासणी डिझाइन व्ह्यूवर सोडू नका, तो अंदाज दाखवतो. लाइव्ह व्ह्यू बरा, पण जुन्या आवृत्तीतला लाइव्ह व्ह्यू त्या काळच्या ब्राउझरवर चालतो. पान खऱ्या फोनवर उघडा, शक्यतो स्वस्तातल्या, आणि त्यात खरा मजकूर असू द्या. मी फॉन्ट तपासताना असं एक वाक्य टाकतो: 'कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या द्राक्षांचे उच्च दर्जाचे बेदाणे, ॲग्रो ट्रॉलीसह, र्‍हास न होता.' अर्थ विचारू नका, पण अवघड जोडाक्षरं बरीचशी त्यात येतात.

शेवटचं, आणि हे पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर आहे. भाव कोण बदलणार? पान वर्षातून दोनदाच बदलणार असेल तर ड्रीमवीव्हर उत्तम, वर सांगितलेलं करा आणि निर्धास्त राहा. पण प्रत्येक सौद्यानंतर हिरवा, पिवळा, काळा असे किलोचे भाव टाकायचे असतील आणि ते मामा किंवा दिवाणजी टाकणार असतील, तर त्यांच्या हाती ड्रीमवीव्हर देऊ नका. त्यांना वर्डप्रेससारखं काहीतरी द्या, जिथे ते फक्त आकडा बदलतील आणि रूप तुमच्या नियमातून येईल. दोन्ही वाटांनी भाव खऱ्या तक्त्यात ठेवा, आकडे उजवीकडे लावून. भावांच्या फलकाचा फोटो काढून चिकटवला तर तो ना शोधात येतो, ना लहान फोनवर वाचता येतो. आणि मामांचा फोन नंबर पानावर देवनागरी आकड्यांत खुशाल लिहा, पण त्याच्या लिंकमध्ये टेल या शब्दानंतरचे आकडे इंग्रजीच ठेवा, नाहीतर बोट लावल्यावर फोन लागेल याची खात्री नाही.